न्यू जर्सीचं मेडिकल कार्ड: दुकानाला चार तारे, औषधपाण्याला दोन

एडिसन-इझलिनकडच्या कुठल्याही मराठी कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत हल्ली मला कोणीतरी हळूच बाजूला घेतं. "तुम्ही ते कार्ड काढलंत म्हणे. खरंच उपयोग होतो का हो?" विचारताना आवाज असा खाली जातो की शेजारच्याला वाटावं, घटस्फोटाचं काहीतरी चाललंय. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकते.

हे कार्ड म्हणजे औषध म्हणून गांजा विकत घ्यायचा न्यू जर्सी राज्याचा परवाना, आणि आमच्या घरी ते माझ्या नवऱ्याचं आहे. त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, मज्जासंस्थेचा आजार) आहे, बरीच वर्षं झाली. मी त्याची नोंदणीकृत केअरगिव्हर, म्हणजे खरेदी मीच करते. मूळची मी मिरजेची, केमिस्ट्री सांगलीच्या विलिंग्डनमध्ये शिकले आणि नोकरीची सगळी वर्षं इथल्या औषध कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय मी चमचा तोंडात घालत नाही, मग ते खोकल्याचं औषध असो नाहीतर गांजाचं तेल. हे परीक्षण त्याच नजरेनं लिहिलेलं आहे. भक्तिभावानं नाही आणि नाक मुरडूनही नाही.

थोडा इतिहास सांगायला हवा, नाहीतर इथल्या नियमांचा तिरपागडेपणा कळत नाही. औषध म्हणून गांजा चालेल असं मतदान करून ठरवणारं पहिलं राज्य कॅलिफोर्निया, १९९६ साली. न्यू जर्सीत तो कायदा १८ जानेवारी २०१० ला झाला. गव्हर्नर जॉन कॉर्झाइन यांनी खुर्ची सोडायच्या आदल्या दिवशी सही केली आणि दुसऱ्या दिवशी ज्यांना हे प्रकरण मुळीच पसंत नव्हतं ते क्रिस क्रिस्टी गव्हर्नर झाले. त्यामुळे कायदा झाला खरा, पण पहिलं दुकान माँटक्लेअरला उघडलं ते डिसेंबर २०१२ मध्ये. मोजके आजार, महाग कार्ड, मोजकी दुकानं. २०१८ मध्ये फिल मर्फी आल्यावर दार जरा उघडलं: जुनाट दुखणी, मायग्रेन, अँग्झायटी असे आजार यादीत आले, कार्डाची फी २०० डॉलरवरून १०० वर आली आणि पुढे आणखी उतरली. आता फीचं दुखणं राहिलेलं नाही.

सगळ्यात मोठा बदल २०१९ चा. जेक होनिग नावाचा सात वर्षांचा मुलगा २०१८ च्या सुरुवातीला मेंदूच्या कॅन्सरनं गेला. शेवटच्या दिवसांत त्याला गांजाच्या तेलानं आराम पडायचा, पण महिन्याला २ औंसांची मर्यादा होती आणि महिना संपायच्या आत तेल संपायचं. त्याच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि २ जुलै २०१९ ला जेकच्याच नावाचा कायदा झाला. ३० दिवसांची मर्यादा ३ औंस झाली, मरणपंथाला लागलेल्या रुग्णांना मर्यादाच उरली नाही, विक्रीकर टप्प्याटप्प्यानं उतरवायचं ठरलं. आज आम्ही दुकानात जाऊन शून्य कर देतो तो जुलै २०२२ पासूनचा, आणि तो त्या पोरामुळे. बिलावर 'टॅक्स ०.००' दिसलं की मला त्याची आठवण होते.

नोव्हेंबर २०२० मध्ये राज्यातल्या दोन तृतीयांश मतदारांनी मौजेसाठीच्या गांजालाही कौल दिला आणि २१ एप्रिल २०२२ पासून २१ वर्षांवरच्या कोणालाही तो दुकानात मिळायला लागला. इथूनच लोकांचा पहिला प्रश्न येतो: मग कार्ड कशाला काढायचं? सांगते पुढे.

कार्ड काढायची पद्धत सोपी आहे, पण एक पायरी चुकली की अडकायला होतं. आधी या कार्यक्रमात नाव नोंदवलेला डॉक्टर शोधायचा. तो तुमची फाइल बघतो, आजार यादीत बसतो का पाहतो आणि राज्याच्या प्रणालीत तुमचं नाव घालून दोन नंबर हातात देतो. ते दोन नंबर घेऊन पोर्टलवर आपण आपला अर्ज भरायचा: फोटो, ओळखपत्र, न्यू जर्सीत राहत असल्याचा पुरावा. फोटोची पार्श्वभूमी साधी ठेवा. गणपतीच्या मखरापुढचा फोटो चालत नाही, हे आमच्या ओळखीच्या एका काकांना कळायला वेळ लागला. केअरगिव्हरची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासतात. बोटांचे ठसे द्यायला गेले तेव्हा तिथल्या मुलीनं विचारलं, "शाळेत नोकरीसाठी का?" मी म्हटलं, नाही गं, गांजासाठी. तिनं मान वर न करता दुसरं बोट मागितलं.

खरी रडकथा डॉक्टरची. नवऱ्याचा न्यूरॉलॉजिस्ट अतिशय भला माणूस, पण म्हणाला, "मी विरोध करणार नाही आणि सहीही करणार नाही." तो ज्या मोठ्या संस्थेत आहे तिची तशी पद्धत. मग आम्ही गेलो एका कार्डवाल्या दवाखान्यात. नाव सांगत नाही, कारण असे पुष्कळ आहेत आणि सगळे एका माळेचे मणी. व्हिडिओवर भेट, इन्शुरन्स नाही, पैसे आधी. डॉक्टरनं आजाराचं नाव विचारलं, एमआरआयचा रिपोर्ट वर-वर पाहिला, आणि आमचं बोलणं संपलं. बॅक्लोफेन (आखडलेले स्नायू सैल करायची गोळी) चालू आहे हे मीच सांगितलं. किती घ्यायचा, कधी घ्यायचा, कशातून घ्यायचा, यावर उत्तर मिळालं: "दुकानातली माणसं मार्गदर्शन करतील."

इथे माझं डोकं फिरलं, आणि या सगळ्या कार्यक्रमाबद्दल माझं जे मत झालं ते त्या वाक्यापाशीच झालं. न्यू जर्सीनं गांजाला औषध म्हटलं, पण औषधासारखं वागवलं नाही. डॉक्टर डोस लिहून देत नाही, तो फक्त दार उघडून देतो. आतमध्ये काय घ्यायचं ते तुम्ही, तुमचं नशीब आणि काउंटरवरचा पोरगा मिळून ठरवायचं.

आता दुकान. आम्ही जातो ते रूट १ च्या आसपासचं. बाहेरून बँकेची शाखा वाटावी असं स्वच्छ. दारात ओळखपत्र, आत पुन्हा ओळखपत्र. रुग्णांसाठी पार्किंगच्या जागा राखीव, रांग वेगळी, आणि ही दुकानाची मेहेरबानी नाही, मौजेची विक्री सुरू करताना राज्यानं घातलेली अट आहे. शनिवारी संध्याकाळी बाहेर कॉलेजच्या पोरांची ही गर्दी असते, त्यातून आम्ही दोघं व्हीलचेअर ढकलत पुढे जातो, आणि कोणी कुरकुर करत नाही. उलट दार धरून ठेवतात. वागणुकीला पैकीच्या पैकी मार्क. "सर", "मॅम", घाई नाही, हसणं नाही. सरकारी दवाखान्यात जन्म काढलेल्या माझ्या सासूबाई एकदा गाडीत बसून हे सगळं पाहत होत्या. म्हणाल्या, "गांजेकसांना केवढा मान!"

माल आणि लेबल यांना मी माझ्या धंद्यातल्या माणसासारखं तपासलं. प्रत्येक पाकिटावर बॅच नंबर, तपासणीची तारीख, टीएचसी (नशा आणणारा घटक) आणि सीबीडी (नशा न आणणारा घटक) किती ते छापलेलं असतं; मागितला तर प्रयोगशाळेचा दाखला बघायला मिळतो. फुलांच्या पाकिटावर टीएचसी कमी आणि टीएचसीए जास्त दिसतं, आणि इथे पुष्कळ लोक फसतात. झाडात असतं ते मुख्यतः टीएचसीए, आणि त्यानं नशा येत नाही. उष्णता दिली की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी उरतं. म्हणून टीएचसीएच्या आकड्याला ०.८७७ ने गुणायचं आणि त्यात आधीचं टीएचसी मिळवायचं. हा आकडा कोणाच्या मनातला नाही, दोन रेणूंच्या वजनांचं गुणोत्तर आहे: ३१४.५ भागिले ३५८.५. २५ टक्के टीएचसीए म्हणजे साधारण २२ टक्के टीएचसी. काउंटरवरच्या मुलाला मी हे विचारलं तर तो म्हणाला, "जितका मोठा आकडा तितका स्ट्राँग." ठीक आहे बाबा.

आमच्या कामाचं मात्र फूल नाही आणि वाफ ओढायचं पेनही नाही. नवऱ्याच्या फुप्फुसांना आणखी एक काम लावायची माझी तयारी नव्हती. आम्ही घेतो ते जिभेखाली घालायचं तेल, टीएचसी आणि सीबीडी समसमान. आमच्या बाटलीत ३० मिलिलिटर, त्यात दोन्ही ३००-३०० मिलिग्रॅम. म्हणजे एका मिलिलिटरला १० मिलिग्रॅम. ड्रॉपरवर पाव मिलिलिटरची खूण आहे, तिथपर्यंत भरलं की अडीच मिलिग्रॅम. हा आकडा मी हवेतून आणला नाही. याच दोन घटकांचा सॅटिव्हेक्स नावाचा तोंडात मारायचा फवारा एमएसच्या रुग्णांसाठी कॅनडात २००५ पासून आणि ब्रिटनमध्ये २०१० पासून मान्य आहे. त्याच्या एका फवाऱ्यात टीएचसी २.७ आणि सीबीडी २.५ मिलिग्रॅम असतं. अमेरिकेत तो फवारा मान्य नाही. म्हणजे नीट मोजलेलं, चाचण्या झालेलं औषध इथे मिळत नाही आणि त्याचा घरगुती अंदाज ड्रॉपरनं करायला राज्य परवानगी देतं! या विनोदाला मी अजून हसू शकलेले नाही.

उपयोग झाला का? हो. पण कशाला झाला आणि कशाला नाही ते नीट ऐका. एमएसमध्ये पायांचे स्नायू आखडतात. रात्री याच्या पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या, गुडघा आपोआप छातीकडे ओढला जायचा आणि हा झोपेतून ओरडत उठायचा. मी उठून तळपाय धरून मागे रेटत बसायचे. रात्रीच्या अडीच मिलिग्रॅमनं सुरुवात केली, सावकाश पाचवर नेलं. ते झटके कमी झाले. बंद नाही, कमी. बहुतेक रात्री आता आम्ही दोघंही सलग झोपतो, आणि ज्यांच्या घरी असा आजारी माणूस आहे त्यांना सलग झोपेची किंमत सांगायला नको. चालण्यात मात्र फरक नाही. काठी होती तिथे काठी, व्हीलचेअर होती तिथे व्हीलचेअर. हाताची पकड तशीच. फिजिओथेरपिस्टनं पाय वाकवून आखडलेपणा मोजला तर तिच्या कागदावर जवळजवळ तेवढाच भरला.

हे आमचंच नवल नाही. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजनं २०१७ मध्ये मोठा अहवाल काढला, त्यातही हेच आहे: एमएसच्या रुग्णाला स्वतःला आखडलेपणा कमी झाल्यासारखा वाटतो याला भक्कम पुरावा, पण डॉक्टरच्या मोजमापात तो तितका उतरत नाही. प्रौढांच्या जुनाट वेदना आणि किमोथेरपीची मळमळ यांनाही त्या अहवालानं चांगले मार्क दिलेत. बाकी दुकानाच्या भिंतीवर जे काय लिहिलेलं असतं, रोगप्रतिकारशक्ती काय, शुगर काय, त्याकडे दुर्लक्ष करा. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ मधुमेहाच्या गोळ्या सोडून गांजाची गमी (चघळायची गोड गोळी) खाणार होते. त्यांच्या बायकोला मी फोन केला.

गमीवरून आठवलं. पहिल्या खरेदीच्या वेळी काउंटरवरच्या मुलानं नवऱ्याला दहा मिलिग्रॅमची गमी सुचवली होती. एकदम दहा, बॅक्लोफेनवर असलेल्या, आधीच तोल जाणाऱ्या माणसाला. पोटातून गेलेलं टीएचसी यकृतात जाऊन आणखी जोरदार रूप घेतं, चढायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत लागतात आणि उतरायला सहा-आठ तास. बॅक्लोफेन स्वतःच गुंगी आणतं. रात्री बाथरूमला जाताना पडला असता तर कमरेचं हाड गेलं असतं. मुलगा वाईट नव्हता, मनापासून मदत करत होता. त्याला कोणी शिकवलेलंच नाही, त्याचा काय दोष? मी व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार दिली, त्यांनी ऐकून घेतलं, पुढच्या खेपेला एक जाणती बाई आमच्यासाठी बोलावली. पण ती असेल तर आमचं नशीब.

माझी नणंद नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात राहते. तिथे कायदा २०१६ चा, आणि तिथे अजून फक्त औषधापुरतीच परवानगी आहे. पण त्या कायद्यानं एक शहाणपणा केला: दुकानाला डॉक्टर किंवा फार्मासिस्ट ठेवायची सक्ती. २०२१ पासून तो व्हिडिओवरून असला तरी चालतो, पण असावा लागतो. नणंदेनं पहिल्या भेटीत त्या फार्मासिस्टशी बोलून आपल्या रक्त पातळ करायच्या गोळीबद्दल विचारलं आणि त्यानं सांगितलं की वॉर्फरिनशी याचा झगडा आहे, आधी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) तपासत राहायची सोय करा. आमच्या दुकानात हे मला कोण सांगणार होतं? मौजेच्या बाबतीत आम्ही पुढारलेले आणि औषधाच्या बाबतीत नणंदेचं राज्य पुढे. हे मी तिला तोंडावर सांगितलेलं नाही, डोक्यावर बसेल.

मौजेची विक्री सुरू झाल्यापासून आणखी एक झालं. फळ्यांवर फुलं, पेन आणि कडक माल भरपूर. समसमान तेलाची बाटली मात्र कधी असते, कधी नसते. साहजिक आहे, शनिवारच्या गर्दीतलं कोण सीबीडी मागतंय? रुग्णांची संख्याही २०२२ मध्ये सव्वा लाखाच्या वर गेली होती, ती तिथून उतरत गेली. कार्ड नूतनीकरणाची कटकट नको म्हणून लोक सरळ करासकट विकत घ्यायला लागले. त्यामुळे सल्ला एकच: जायच्या आधी ऑनलाइन साठा बघा, ऑर्डर राखून ठेवा, आणि आपलं तेल दिसलं की दोन बाटल्या घ्या.

पाकिटाबद्दलही बोलायलाच हवं. मुलांना उघडता येऊ नये म्हणून जाड प्लॅस्टिकची पिशवी असते. तिच्या कडेला दोन बोटांनी एकाच वेळी चिमटा काढायचा आणि त्याच क्षणी वर ओढायचं. आमच्या घरात लहान मूल नाही. बोटांत ताकद नसलेला एमएसचा रुग्ण आहे आणि संधिवाताच्या सासूबाई आहेत. दोघांनाही ती पिशवी उघडत नाही. बाटलीचं झाकणही तसंच, दाबून फिरवायचं. एमएस यादीत आहे, आखडलेले स्नायू यादीत आहेत, मग ज्यांची बोटं चालत नाहीत त्यांच्यासाठी वेगळं झाकण का नाही? आमच्या कंपनीत संधिवाताच्या गोळ्यांना मागणीवरून साधं झाकण मिळायचं. आता मी घरी आल्यावर कात्रीनं पिशवी कापते आणि बाटली कुलपाच्या डब्यात ठेवते.

पैशांचं गणित असं. आमची बाटली साठ-सत्तर डॉलरच्या घरात जाते आणि डोस लहान असल्यामुळे बऱ्यापैकी पुरते. डॉक्टरची वार्षिक भेट वेगळी. इन्शुरन्स काही देत नाही, मेडिकेअर (केंद्राचा आरोग्यविमा) पण नाही, कारण केंद्राच्या कायद्यानं गांजा १९७० मध्येच सर्वांत कडक यादीत बसवला. २०२४ मध्ये तो खालच्या यादीत आणायचा प्रस्ताव केंद्रानं मांडला, पण आमच्या इन्शुरन्सच्या चिठ्ठीवर त्याचा परिणाम मला दिसलेला नाही. करातली वैद्यकीय वजावट घ्यायला गेलात तर आयआरएस, म्हणजे केंद्राचं आयकर खातं, नाही म्हणतं. क्रेडिट कार्ड चालत नाही, रोख किंवा डेबिट. एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा: कामावर दुखापत झालेल्या माणसाच्या औषधी गांजाचा खर्च मालकाकडून मिळू शकतो, असं न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०२१ मध्ये एका बांधकाम कंपनीच्या खटल्यात ठरवलं. आपल्याकडचे कितीतरी लोक वेअरहाऊसमध्ये उभे राहून काम करतात, त्यांना हे ठाऊक नसतं.

"घरी एक रोप लावलं तर?" असं विचारणारे बागकामप्रेमी काका हमखास भेटतात. नको. न्यू जर्सीत रुग्णालासुद्धा घरी झाड लावायला परवानगी नाही, गंभीर गुन्हा आहे. दुकानातून पिशवी भरून आणा, पण तुळशीशेजारी कुंडी ठेवलीत तर तुरुंग. गावागावांचंही निराळंच: राज्यातल्या ५६५ पैकी सुमारे ४०० गावांनी २०२१ मध्ये 'आमच्या हद्दीत मौजेचं दुकान नको' असं ठरवलं. प्यायला चालेल, पण विकायचं असेल तर शेजारच्या गावात जा.

आता ज्या कारणासाठी मी हे सगळं मराठीत लिहायला बसले तो भाग.

सासूबाईंचे गुडघे गेलेत. लेकाची झोप सुधारलेली बघून त्या एक दिवस म्हणाल्या, "सूनबाई, मलाही दोन थेंब घाल की. महाशिवरात्रीला आमच्या माहेरी घोटायचे, त्यात काय एवढं?" जुनाट दुखणं यादीत आहे, वय आहे, कार्ड सहज मिळालं असतं. पण सासूबाई ग्रीन कार्डावर आहेत. मी आमच्या इमिग्रेशनच्या वकीलबाईंना विचारलं. त्यांचं उत्तर: "अर्ज करू नका, घेऊ नका आणि घेतला तर सांगू नका, असं मी म्हणू शकत नाही, म्हणून फक्त पहिलं आणि दुसरं सांगते."

कारण असं की नागरिकत्व राज्य देत नाही, केंद्र देतं, आणि केंद्राच्या लेखी हा गुन्हाच. १९ एप्रिल २०१९ ला यूएससीआयएसनं, म्हणजे नागरिकत्वाचे अर्ज बघणाऱ्या केंद्राच्या खात्यानं, स्पष्ट केलं की राज्यात कायदेशीर असला तरी गांजाशी संबंध नागरिकत्वाच्या अर्जातल्या 'चांगल्या चारित्र्या'च्या आड येऊ शकतो. नुसतं सेवनच नाही, या उद्योगातली नोकरीसुद्धा. माझ्या भाच्याला, तो एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर) आहे, गांजाच्या दुकानांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीकडून चांगल्या पगाराची ऑफर आली होती. वकीलबाईंकडेच पाठवला त्याला. ऑफर सोडली. आणि विमानतळावर परत येताना अधिकाऱ्यानं फोनमधलं दुकानाचं ॲप बघून विचारलं, तर खोटं बोलणं वाईट आणि खरं बोलणं त्याहून वाईट.

दुकानात हे कोणी सांगत नाही. डॉक्टर सांगत नाही. अर्ज भरताना तुम्ही नागरिक आहात का याला काही महत्त्व नसतं, न्यू जर्सीचे रहिवासी असलात की झालं. पण एडिसन, इझलिन, जर्सी सिटी इथल्या आपल्या घराघरांत कोणी नागरिक, कोणी ग्रीन कार्ड, कोणी एच-वन, कोणी व्हिजिटर म्हणून आलेली आई अशी मिसळ असते. एकाच डायनिंग टेबलावर एकाला जे औषध ते दुसऱ्याला देश सोडायचं निमित्त. नवरा नागरिक आहे, मी नागरिक आहे, म्हणून आम्ही बिनधास्त. सासूबाईंना मी डायक्लोफेनॅकचं जेल चोळते. त्या अजून रागावलेल्या आहेत.

प्रवासाचंही तेच. नणंदेकडे जाताना डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडला की बाटली एका राज्यातून दुसऱ्यात गेली, म्हणजे केंद्राचा गुन्हा. अलीकडे औषध, पलीकडेही औषध, पुलावर गुन्हा. आम्ही बाटली घरी ठेवतो आणि त्या रात्री नवऱ्याचे पाय मी दाबते. भारतात न्यायचा तर विचारही करू नका. १९८५ चा अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा फुलांच्या शेंड्यांवर आणि अर्कांवर लागू आहे, न्यू जर्सीचं कार्ड मुंबईच्या कस्टमवाल्यासाठी कागदाचा तुकडा, आणि विमान दुबईवरून असेल तर आणखी कठीण. पुण्याला लग्नाला गेलो तेव्हा नवऱ्यानं पूर्वीसारखं बॅक्लोफेन वाढवून घेतलं, डॉक्टरांना विचारून, आणि लग्नभर पेंगत होता. नातेवाईकांना वाटलं, अमेरिकेहून आलाय, जेटलॅग आहे.

मग कार्ड कशाला, हा सुरुवातीचा प्रश्न. कर वाचतो: बाकीच्यांना ६.६२५ टक्के विक्रीकर आणि वर गावाचा दोन टक्क्यांपर्यंतचा. रांग वेगळी. महिन्याची मर्यादा नोंदलेली, त्यामुळे गाडीत सापडलं तर बोलायला कागद हातात. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते: २०१४ च्या अखेरीपासून काँग्रेस, म्हणजे इथली संसद, दरवर्षीच्या खर्चाच्या कायद्यात एक कलम घालत आली आहे, की राज्यांच्या वैद्यकीय गांजा कार्यक्रमांच्या आड येण्यासाठी न्याय खात्यानं पैसा खर्च करायचा नाही. हे कवच औषधाला आहे, मौजेला नाही. लहानसं आहे, पण आहे.

माझं मूल्यमापन असं. दुकानाची वागणूक, स्वच्छता, रुग्णांची सोय: चार तारे. लेबल आणि तपासणी: साडेतीन, आकड्याच्या अर्थाबद्दल कोणी दोन ओळी छापल्या तर चार देईन. साठा: तीन. पॅकिंग: एक, आणि तो प्लॅस्टिकच्या दर्जासाठी. वैद्यकीय सल्ला: दोन, त्यातला एक त्या जाणत्या बाईचा.

कोणी काढावं? अमेरिकन नागरिक असाल, आजार यादीतला असेल, नेहमीच्या डॉक्टरला सांगायची तयारी असेल आणि घरात डोस मोजणारं कोणी असेल तर जरूर काढा. अडीच मिलिग्रॅमनं, रात्री, सुरुवात करा आणि आधीच्या गोळ्यांची यादी घेऊन एखाद्या ओळखीच्या फार्मासिस्टला विचारा. आपल्या मंडळात फार्मसीवाल्यांना तोटा नाही. नागरिक नसाल तर आधी वकील, मग डॉक्टर, दुकान सगळ्यात शेवटी. आणि जाताना रोख घेऊन जा, आतल्या एटीएमची फी फार आहे.